महाविद्यालयीन शिक्षणाचे मोल विद्यार्थ्यांना विचारा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयीन शिक्षणाचा खरोखर उपयोग होतो का, या विषयावर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात सध्या मते मांडली जात आहेत. पदवीमुळे पगार वाढतो म्हणून ती घ्यावी, असे काहींचे म्हणणे आहे. तर पदवीधर नोकरीसाठी वणवण करत असताना तीन-चार वर्षे आणि आईवडिलांची पुंजी त्यात का घालवावी, असा इतरांचा सवाल आहे. दोन्ही बाजूंची कळकळ मला समजते. परंतु ज्याच्यासाठी हा सारा वाद चालला आहे, तो विद्यार्थी त्या तीन-चार वर्षांत नेमके काय करतो, त्याने केलेले काम कोणी पाहते का आणि त्यातून त्याच्या विचार करण्याच्या पद्धतीत काही फरक पडतो का, याची चौकशी जवळजवळ कोणीच केलेली नाही. पदवीच्या वर्गांना अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवल्यानंतर माझे मत असे बनले आहे की, महाविद्यालयीन शिक्षणाचे मोल बहुतांशी एकाच गोष्टीवर ठरते. विद्यार्थ्याने स्वतः केलेले काम एखाद्या जाणकाराने बारकाईने वाचले, त्यावर प्रश्न विचारले आणि गरज पडली तेव्हा ते पुन्हा करायला लावले, असे त्याच्या वाट्याला कितीदा आले, हीच ती गोष्ट.

पगाराचा मुद्दा आधी घेते, कारण तो टाळून चालणार नाही. साकारोपुलोस आणि पॅट्रिनोस या अर्थशास्त्रज्ञांनी जगभरातील अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये जो आढावा प्रसिद्ध केला, त्यानुसार शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे माणसाच्या कमाईत सरासरी सुमारे ९ टक्क्यांची भर पडते. ही भर कशामुळे पडते, यावर मात्र अर्थशास्त्रात जुना मतभेद आहे. शिक्षणाने माणसाच्या अंगी कौशल्य येते आणि त्या कौशल्याचा मोबदला त्याला मिळतो, ही गॅरी बेकर यांची मांडणी. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दुसरीच शक्यता दाखवून दिली. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची कुवत आतून दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून पाहतो. त्यामुळे अभ्यासक्रमातून उपयोगाचे काहीही हाती लागले नाही, तरी ज्याला तो पुरा करणे जमले त्याला जास्त पगार मिळू शकतो. दोघांनाही पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, बेकर यांना १९९२ मध्ये आणि स्पेन्स यांना २००१ मध्ये. माझ्या अनुभवात या दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत, कधी कधी एकाच वर्गात घडतात. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी एकाच्या हाती कौशल्य येते आणि दुसऱ्याच्या हाती नुसते प्रमाणपत्र, आणि गुणपत्रिकेवरून हा फरक ओळखता येतोच असे नाही.

नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळाला की काम फत्ते झाले, हा पालकांचा समज तर फारच पक्का आहे. त्यांनी स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा २००२ मधील अभ्यास माहीत करून घ्यावा, असे मला वाटते. अमेरिकेत १९७६ मध्ये महाविद्यालयात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची पुढची कमाई त्यांनी तपासली. अधिक कठोर निवड करणाऱ्या महाविद्यालयांतले विद्यार्थी पुढे जास्त कमावतात, हे वरवर दिसतेच. पण ज्यांनी तशाच महाविद्यालयांकडे अर्ज केले होते, ज्यांना तसेच होकार-नकार आले होते आणि तरीही जे कमी निवडक ठिकाणी शिकले, त्यांच्याशी तुलना केली तेव्हा कमाईतला तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे ज्याचे श्रेय संस्थेच्या नावाला दिले जात होते, ते बऱ्याच अंशी मुळात विद्यार्थ्याचेच होते. याला एक महत्त्वाचा अपवाद निघाला. गरीब घरातून आलेल्या विद्यार्थ्यांना अधिक निवडक महाविद्यालयाचा लाभ खरोखरच झालेला दिसला, आणि पुढे त्याच संशोधकांनी केलेल्या अभ्यासात ज्यांचे आईवडील फारसे शिकलेले नव्हते त्यांच्याबाबतही तसेच आढळले.

या अपवादाजवळ मला जरा थांबायचे आहे. ज्या घरात आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, तिथून आलेला विद्यार्थी वर्गात बसतो, वह्या पूर्ण ठेवतो, वेळेवर हजर असतो आणि तरीही शिक्षणाचा मोठा भाग त्याच्या हातून निसटतो; कारण तो भाग वेळापत्रकात कुठेही लिहिलेला नसतो. तास संपल्यावर अध्यापकांच्या खोलीत जाऊन शंका विचारली तर कोणी रागावत नाही, उलट त्यांना आनंद होतो, हे त्याला ठाऊक नसते. ग्रंथालयात नेमलेल्या पुस्तकाच्या शेजारचे पुस्तकही काढून पाहायचे असते, निकाल मनासारखा लागला नाही तर उत्तरपत्रिका पाहायला मागता येते, शिफारसपत्र मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, एखादा विषय झेपत नसेल तर तो वेळीच बदलता येतो, अशा शेकडो गोष्टी शिकलेल्या घरातल्या मुलाला बोलता बोलता कळतात. ज्याला त्या घरी कळत नाहीत, त्याला त्या सांगणे हे महाविद्यालयाचे काम आहे. हुशार असूनही वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसणारी कितीतरी मुले मी पाहिली आहेत. त्यांना "तुला काय अडतं?" असे विचारले तर "काही नाही मॅडम" एवढेच उत्तर येते. त्यांना नेमका प्रश्न विचारावा लागतो. "तू काल लिहिलेल्या उत्तरातली तिसरी पायरी मला समजली नाही, सांगतोस का?" असे म्हटले की मग मुलगा बोलू लागतो, कारण आपण लिहिलेले कोणीतरी वाचले आहे, हे त्याला पहिल्यांदाच कळलेले असते.

विद्यार्थ्यांच्या अनुभवांकडे गांभीर्याने पाहिले तर काय हाती लागते, याचे एक उत्तम उदाहरण विल्यम पेरी यांच्या कामात आहे. हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांना सल्ला देण्याचे काम करणाऱ्या पेरी यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत सहकाऱ्यांसह दर वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यांशी सविस्तर मुलाखतीच्या स्वरूपात संवाद साधला. ठरावीक प्रश्नावली पुढे न करता, या वर्षातले तुला विशेष काय जाणवले, अशा मोकळ्या प्रश्नाने ते सुरुवात करत आणि विद्यार्थी नेईल तिकडे बोलणे जाऊ देत. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत विद्यार्थ्याच्या विचाराचा प्रवास क्रमाने मांडलेला आहे. सुरुवातीला विद्यार्थ्याला वाटते की प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असते, ते अध्यापकांना माहीत असते आणि आपले काम ते उतरवून घेण्याचे आहे. पुढे जाणकारांतच मतभेद असल्याचे त्याच्या लक्षात येते आणि काही काळ त्याला असे वाटू लागते की मग सगळ्यांचीच मते सारखी, ज्याचे त्याचे म्हणणे ज्याच्या त्याच्यापाशी. त्याही पुढे गेल्यावर त्याला उमगते की मते अनेक असली तरी ती सारख्या वजनाची नसतात. पुरावा, संदर्भ आणि तर्क यांवर ती तोलता येतात. शेवटी, पूर्ण खात्री नसतानाही विचारपूर्वक एक बाजू घेऊन तिची जबाबदारी स्वीकारणे त्याला जमू लागते.

हा प्रवास सगळेच पूर्ण करत नाहीत. काही जण मधेच थांबतात आणि काही मागेही फिरतात, हेही पेरी यांनी नोंदवले आहे. परंतु महाविद्यालयाने विद्यार्थ्याला काय दिले, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. पहिल्या वर्षाला "मॅडम, परीक्षेत नेमकं काय लिहायचं ते सांगा" असे म्हणणारा मुलगा शेवटच्या वर्षाला "पुस्तकात दिलेलं हे गृहीतक इथे लागू होतं का?" असे विचारू लागला, तर त्याची वर्षे सत्कारणी लागली असे मी बेधडक म्हणते, मग त्याचा पहिला पगार कितीही असो. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण झालेला, पण शेवटच्या वर्षीही पहिलाच प्रश्न विचारणारा विद्यार्थी मात्र फसवला गेला आहे, आणि त्याचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

प्रयोगशाळेतले एक उदाहरण देते. साध्या लंबकाच्या प्रयोगात वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजून गुरुत्वत्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीने पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढण्याचा दर, काढायचे असते आणि उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवे, हे प्रत्येकाला शाळेपासून माहीत असते. त्यामुळे बहुतेक जर्नलांत ते ९.८ च असते. वाचने मागाहून त्याला जुळवून घेतलेली असतात. एका विद्यार्थिनीचे उत्तर १०.८ आले. शेजारच्यांनी तिला आकडे बदलायचा सल्ला दिला आणि ती खोडरबर हातात घेऊन बसली होती. मी तिला म्हटले, "हेच राहू दे, पण ते असं का आलं हे शोधल्याशिवाय जायचं नाही." तिने लांबी पुन्हा मोजली, ती बरोबर होती. घड्याळ तपासले, तेही बरोबर होते. मग मी तिला मोठ्याने मोजायला सांगितले. लंबक सोडून घड्याळ सुरू करतानाच ती "एक" म्हणत होती, जिथे "शून्य" म्हणायला हवे होते. म्हणजे तिची वीस आंदोलने प्रत्यक्षात एकोणीसच होती. या प्रयोगाच्या सूत्रात एका आंदोलनाच्या वेळेचा वर्ग भाजक असतो, म्हणून वीस भागिले एकोणीस याचा वर्ग केला की सुमारे १.१ येतो, आणि ९.८ ला त्याने गुणले की तिचेच १०.८ हे उत्तर मिळते. चूक कुठे झाली एवढेच नव्हे, तर त्या चुकीने उत्तर नेमके किती सरकायला हवे, हेही तिने स्वतः कागदावर मांडून दाखवले. जर्नलमध्ये तिने दोन्ही उत्तरे ठेवली आणि मध्ये कारण लिहिले. माझ्या मते त्या दुपारी तिला जे मिळाले, त्याला महाविद्यालयीन शिक्षण म्हणतात. त्याच दुपारी ज्यांनी शेजाऱ्याचे जर्नल उतरवून सही घेतली, त्यांची हजेरी, गुण आणि शुल्क मात्र तिच्याइतकेच होते.

अशा दुपारी कमी का येतात, याचे कारण विद्यार्थ्यांच्या आळशीपणात शोधण्याची आपल्याला सवय आहे. रिचर्ड अरम आणि जोसिपा रोक्सा या समाजशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतील २४ संस्थांमधल्या २,३०० हून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. पहिल्या दोन वर्षांत सुमारे ४५ टक्के विद्यार्थ्यांच्या चिकित्सक विचार, गुंतागुंतीचे युक्तिवाद आणि लेखन या क्षमतांत लक्षणीय म्हणावी अशी वाढ आढळली नाही. ही बातमी तेव्हा खूप गाजली, पण तिच्या शेजारचा निष्कर्ष तितका गाजला नाही. निम्म्या विद्यार्थ्यांना आधीच्या सत्रात असा एकही विषय नव्हता, ज्यात एकंदर वीस पानांहून अधिक लिहावे लागले असेल. आणि ज्यांना भरपूर वाचायला आणि भरपूर लिहायला लावले गेले होते, त्यांची प्रगती इतरांपेक्षा चांगली होती. मागितलेच नाही तर विद्यार्थी देणार कुठून? आणि लिहून घ्यायचे म्हणजे ते कोणीतरी तपासायला हवे. अध्यापकाच्या वाट्याला शंभर-दीडशे विद्यार्थी असतील, त्याची नेमणूक कंत्राटी असेल, पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही याची त्याला शाश्वती नसेल आणि उरलेला वेळ अहवाल भरण्यात जात असेल, तर निबंध वाचून समासात प्रश्न लिहिण्याची अपेक्षा त्याच्याकडून कशी करायची? मग बहुपर्यायी प्रश्न येतात, मग तयार उत्तरे येतात आणि हळूहळू सगळ्यांनाच ते सोयीचे वाटू लागते.

अध्यापकाशी जडलेल्या नात्याचा परिणाम नोकरीपर्यंत पोहोचतो, याचाही आधार आहे. जनमत पाहणी करणारी गॅलप ही संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी मिळून २०१४ मध्ये अमेरिकेतील ३०,००० हून अधिक पदवीधरांची पाहणी प्रसिद्ध केली. शिकण्याची गोडी लावणारा निदान एक अध्यापक भेटला, अध्यापकांनी माणूस म्हणून आपली विचारपूस केली आणि आपल्या स्वप्नांना बळ देणारे कोणी मार्गदर्शक मिळाले, असे तिन्ही अनुभव ज्यांना आले, त्यांची पुढे नोकरीत मन लावून काम करण्याची शक्यता दुपटीहून अधिक होती. संस्था सरकारी की खासगी, निवडक की सर्वांसाठी खुली, याने त्यामानाने फारसा फरक पडलेला दिसला नाही. तिन्ही अनुभव आल्याचे सांगणारे पदवीधर होते अवघे १४ टक्के. अशा पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. उत्साही विद्यार्थ्याला चांगले अध्यापक अधिक सहज भेटतात, असेही असू शकेल. तरीही १४ हा आकडा माझ्या मनातून जात नाही.

जे मधेच शिक्षण सोडतात, त्यांचा उल्लेख तर या चर्चेत अभावानेच येतो. खर्च त्यांनीही केलेला असतो, कधी कर्जही डोक्यावर असते, आणि हातात दाखवायला काहीच नसते. विद्यार्थीगळतीचे अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडले होते की, विद्यार्थी टिकून राहणे हे त्याच्या कुवतीइतकेच, तो महाविद्यालयाच्या अभ्यासात आणि तिथल्या माणसांत किती मिसळला यावर अवलंबून असते. कारणे पुष्कळदा वाटतात त्याहून छोटी असतात. अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या लक्षात आले की, पदवीच्या अगदी जवळ आलेल्या विद्यार्थ्यांचीही नावे थोड्याशा थकबाकीसाठी पटावरून उतरवली जात होती. २०११ पासून तिथे अशी थकबाकी भागवणारी छोटी अनुदाने सुरू झाली आणि अनेकांना पदवी पूर्ण करता आली. एखादा मुलगा सलग दोन आठवडे दिसला नाही, तर त्याला फोन करणारे कोणी आहे का, हा प्रश्न मला कोणत्याही मानांकनापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

व्याख्याने आता मोबाइलवर फुकट मिळतात, मग महाविद्यालय कशाला, असे एका पत्रलेखकाने विचारले आहे. व्याख्याने ऐकणे एवढेच शिक्षण असते तर त्यांचे म्हणणे खरे ठरले असते. ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये सनद मिळालेल्या मुक्त विद्यापीठाने १९७१ पासून, प्रवेशासाठी कोणत्याही पूर्वपात्रतेची अट न घालता, दूर राहणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या माणसांना शिकवायला सुरुवात केली. त्याचे रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम सर्वांच्या लक्षात राहिले. पण विद्यार्थ्याने लिहून पाठवलेला स्वाध्याय त्याच्यासाठी नेमलेला शिक्षक तपासून, शेरे लिहून परत पाठवतो, हा त्या पद्धतीचा कणा होता. दूर राहूनही शिक्षण होऊ शकते, ते अशा वाचणाऱ्या माणसामुळे. आणि ज्याला हातांचे कसब शिकायचे आहे, त्याने पदवीच्या मागे लागू नये, हेही मी आनंदाने मान्य करते. चांगल्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्याचे काम तर रोजच तपासले जाते.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. प्रवेशाच्या दिवसांत आपण महाविद्यालयांची नावे, गुणांच्या सीमारेषा आणि सर्वांत मोठ्या पगाराच्या बातम्या छापता. त्यासोबत शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे, नुकतेच पदवीधर झालेल्यांचे आणि मधेच सोडून गेलेल्यांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत छापावेत. महाविद्यालय आवडले का, असे त्यांना विचारू नये. त्याची उत्तरे उपाहारगृह आणि स्नेहसंमेलन यांवर घसरतात. गेल्या सत्रात तुम्ही स्वतःचे असे काय लिहिले, ते तुम्हाला शेऱ्यांसह परत मिळाले का, किती दिवसांनी मिळाले, तुम्हाला नावाने ओळखणारे किती अध्यापक आहेत, पहिल्या वर्षी तुम्हाला खरी वाटणारी कोणती गोष्ट आता वेगळी वाटते आणि कशामुळे, असे ज्यांची उत्तरे पडताळता येतात किंवा ज्यांवर विचार करावा लागतो, असे प्रश्न असावेत. विद्यार्थ्यांना असे विचारणे काहींना आगाऊपणाचे वाटेल. त्यांच्या माहितीसाठी सांगते की, १०८८ हे ज्याचे स्थापनावर्ष मानले जाते, त्या इटलीतील बोलोन्याच्या विद्यापीठात मध्ययुगात विद्यार्थ्यांचे संघच अध्यापक नेमत आणि तासाला उशिरा येणाऱ्या अध्यापकाला दंड करत. मी दंडाची मागणी करत नाही, पण विद्यार्थ्याची साक्ष ग्राह्य धरावी, एवढे तरी आपण करू शकतो.

माझ्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींशी मी याबाबत बोलले आहे. त्यात शिक्षण अर्धवट सोडलेलेही आहेत, आणि नाव न छापण्याच्या अटीवर लिहिण्याची त्यांची तयारी आहे. मजकूर किती शब्दांचा असावा आणि कोणत्या तारखेपर्यंत पाठवावा, हे आपण कळवल्यास पुढील प्रवेशप्रक्रिया सुरू होण्यापूर्वी तो आपल्याकडे पोहोचेल, याची जबाबदारी मी घेते.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका